ओटा हलेल गं, पण मीटर?

चिमे,

काल रात्री तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ जागी होते. किती हौसेनं सांगत होतीस! काळा ग्रॅनाइट, सिंक खिडकीशी, शेगडी समोरच्या भिंतीला, ट्रॉल्यांना राखाडी रंग. मी नुसतं हं हं करत होते. मग जाता जाता म्हणालीस, “आणि ते गॅसचं मीटर मधे येतंय ना, ते दीड फूट डावीकडे घ्यायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे, आमचा प्लंबरच करून देईल.” तेवढ्यात तुझ्या दाराची बेल वाजली आणि तू फोन ठेवलास.

ते ‘पाच मिनिटांचं काम’ मी चांगलं ओळखते. पुण्याला असताना आमच्या ओट्याच्या वेळी हेच शब्द ऐकले होते आणि मान डोलावली होती. पुढचं तुला कधी सांगितलं नाही. आईला तर नाहीच नाही, तिनं जन्मभर ऐकवलं असतं. तुझे दाजी अजून तो विषय निघाला की टोपी घालून देवळाकडे निघतात. पण आता तुझ्या घरात भिंत फुटणार आहे, म्हणून सांगते. ऐक, आणि तुझ्यापाशीच ठेव.

आमचं मीटर होतं शेगडीच्या उजव्या हाताला, नेमकं जिथं मला मसाल्यांची ट्रॉली हवी होती तिथं. प्लंबर आला. कॉक बंद केला, पान्यानं दोन नट सोडवले, मीटर कोपऱ्यात नेलं, मधल्या अंतराला तांब्याच्या पाइपचा तुकडा जोडला, आट्यांवर पाण्याच्या नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली, आवळलं आणि शेगडी पेटवून दाखवली. पाच मिनिटं म्हणाला होता, वीस लागली. दुसऱ्या दिवशी सुतारानं मीटरभोवती कपाट केलं, खाली कांदे-बटाट्याची जाळी बसवली. इतकं देखणं दिसायला लागलं की आल्यागेल्याला मी दार उघडून विचारायची, “इथं मीटर आहे, कळलं तरी का?”

महिन्याभरानं सकाळी ते दार उघडलं की वास यायला लागला. कुजक्या कांद्यासारखा. आता खाली कांदेच होते, त्यामुळे दुसरं काही मनातच येईना. दोनदा सगळी जाळी रिकामी केली. चांगले बटाटे कचऱ्यात घातले. फळी लिंबानं घासली. तिसऱ्या दिवशी वैतागून, आत अगरबत्ती फिरवावी म्हणून काडेपेटी हातात घेतली, आणि शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या. आत पाऊलही टाकलं नाही त्यांनी. उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, गॅस येतोय.”

ती काडेपेटी अजून माझ्या हातात आहे असं कधी कधी वाटतं बघ.

बिलाच्या मागे तातडीचा नंबर छापलेला असतो, त्यावर जिन्यात जाऊन फोन केला. माणूस आला. घरात आल्यावर एका बटणालाही त्यानं हात लावला नाही. आधी कॉक बंद केला, मग खिडक्या उघडल्या, आम्हाला बाहेर बसवलं. वारा खेळून गेल्यावर कॉक पुन्हा उघडला आणि दाढीच्या ब्रशनं साबणाचा फेस त्या नटावर लावला. “बघा वहिनी,” म्हणाला. आधी काहीच नाही. मग नटाच्या खालच्या कडेला एक बुडबुडा, मोहरीएवढा. तो फुटेना, फुगतच गेला. ज्वारीएवढा झाला, हरभऱ्याएवढा झाला, आणि फट्. लगेच मागून दुसरा. आवाज नाही, फुसफूस नाही. मी तिथं उभी राहून बुडबुडे मोजत होते आणि दाजी माझ्याकडे बघत होते.

फुसफूस का नाही, हेही त्यानंच सांगितलं. पाइपचा गॅस शेगडीपाशी येतो तो जेमतेम २१ मिलिबार दाबानं. म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढा. एवढ्याशा दाबाला गळायचं असेल तर गुपचूप गळतो. मुळात या गॅसला वासही नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. आणि मी त्या वासाचा दोष बिचाऱ्या बटाट्यांवर ढकलला! मग कपाट फोडलं, नव्यानं अर्ज केला, आणि गॅस परत सुरू होईपर्यंत इंडक्शनवर पोळ्या भाजल्या. कडक व्हायच्या. दाजी काही बोलले नाहीत, पाण्यात बुडवून खाल्ल्या.

म्हणून सांगते, चिमे. मीटर तुझ्या स्वयंपाकघरात असलं तरी तुझं नाही. लाइटचं मीटर आपल्या भिंतीवर असून आपलं नसतं ना, तसंच. पुण्यात हा गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस आणते, मुंबईत महानगर गॅस, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं काम एचपीऑइल गॅसकडे आहे. कंपनी कुठलीही असो, इमारतीच्या भिंतीवरून चढत येणारा तो पिवळा पाइप, त्याच्यावरचा रेग्युलेटर आणि मीटर, हे सगळं त्यांचं. मीटरला सील असतं ते शोभेला नाही. ते तुटलं की गळतीची भीती वेगळीच, वर छेडछाड केली म्हणून कनेक्शन जाऊ शकतं. तुझा प्लंबर कितीही हुशार असू दे, नळाची गळती आणि गॅसची गळती यात फरक आहे. नळ गळला तर खालच्या मजल्यावरची बाई भांडायला येते.

त्या मीटरच्या डब्याच्या आत काय असतं माहिताय? मला त्या माणसानं सांगितलं तेव्हा मजा वाटली. आत भाते असतात, लोहाराकडे असतात तसले, फक्त मऊ पडद्यांचे. एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, आणि किती वेळा भरला-रिकामा झाला त्यावरून वरचे आकडे पुढे सरकतात. आपलं बिल येतं घनमीटरात ते याच श्वासांवरून. त्यामुळे मीटर ओळंब्यात, सरळ बसवावं लागतं. आडवं-तिरकं, पाइपला ताण देऊन लटकवलं की आट्यांवर सगळं ओझं येतं. आमच्या त्या नटाला नेमकं तेच झालं होतं.

कॉन्ट्रॅक्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांचं गणित वेगळं असतं. अर्ज करा, सर्व्हेची वाट बघा, माणूस येईपर्यंत थांबा, यात त्याचे मजूर बसून राहतात, आणि बसल्या मजुराची हजेरी त्याच्या खिशातून जाते. म्हणून तो घाई करणार. तू करू नकोस. एक छिन्नीसुद्धा भिंतीला लागायच्या आधी कंपनीकडे मीटर हलवण्याचा अर्ज कर. ग्राहक क्रमांक बिलावर असतो. आणि हो, बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ. तू हा फ्लॅट दुसऱ्याकडून घेतलास. कनेक्शन अजून त्या आधीच्या मालकाच्याच नावावर असलं तर आधी नाव बदलून घ्यावं लागेल, आणि ते ऐन फोडाफोडीत कळलं तर तुझा ओटा अर्धवट आणि तू कागदांच्या मागे. जुनी बाकी असली तर तीही आधी भरून टाक. सोसायटीला एक चिठ्ठी दे, कारण पाइप बाहेरच्या भिंतीवरून फिरवायचा झाला तर सेक्रेटरी हमखास आडवा येतो.

सर्व्हेचा माणूस येईल तेव्हा तू घरी राहा. नवऱ्यावर सोपवू नकोस. पुरुषांना पोळपाट कुठं ठेवायचा ते माहीत नसतं, मीटर कुठं नको ते काय सांगणार! ओट्याचा नवा नकाशा त्याच्यासमोर ठेव. शेगडी कुठं, सिंक कुठं, फ्रिज कुठं, बोर्ड कुठं, चिमणीची वायर कुठून जाणार, सगळं दाखव. मीटर विजेच्या बोर्डापासून आणि शेगडीच्या आचेपासून लांब हवं, ते अंतर तो टेप लावून ठरवेल. मग भिंतीवर खडूनं चौकोन काढून घे आणि त्याचा फोटो काढून कॉन्ट्रॅक्टरला पाठव. तोंडी सांगितलेली जागा गवंड्यापर्यंत पोचेस्तोवर वीतभर सरकलेली असते.

काय क्रमानं व्हायला हवं तेही सांगते, कारण आमचं सगळं उलटंच झालं होतं. फोडायच्या आधी कंपनीचा माणूस येऊन लाइन बंद करून तोंडाला टोपी लावून जाईल. मग तुमची तोडफोड, गिलावा, फरशी, भिंतीच्या टाइल्स. टाइल्स सुकल्यावर तो परत येईल, पाइप टाइल्सच्या वरून क्लॅम्प मारून नेईल, मीटर बसवेल, तपासेल, गॅस सोडेल. आणि मगच सुतार. सुतार आधी आला की तो आपल्या फळीच्या मापानं पाइप वाकवायला बघतो. खर्च किती ते कंपनीच्या दरपत्रकावर असतं, जास्तीचा पाइप मीटरच्या हिशेबात लागतो. जे देशील त्याची पावती घे. “साहेबांना सांगून करून देतो” म्हणत हातात पैसे मागणारा कुणी आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

आता तुझं ते ‘पाइप भिंतीत घालून टाकू, दिसणार नाही’. काल मी मुद्दाम काही बोलले नाही, कारण एकदम दोन गोष्टींना नाही म्हटलं की तू चिडतेस, मला माहीत आहे. पण हेही नाहीच. पाइप उघड्यावर असतो तो कंपनीला सौंदर्यदृष्टी नाही म्हणून नव्हे. गिलाव्यात ओल असते, लोखंड आतल्या आत गंजतं. गळला तर गॅस विटांच्या फटीतून भलतीकडेच निघतो, आणि साबणाचा फेस लावायचा कुठं? पुढच्या वर्षी तूच त्या भिंतीवर खुंटीसाठी ड्रिल मारशील, कारण आत काय आहे हे तू विसरलेली असशील. पिवळा पाइप दिसू दे. त्याला फक्त हात पुसायचं फडकं अडकवू नकोस, आमच्या सासूबाई अडकवायच्या.

त्यावरून आठवलं. सासूबाईंचं माहेर लालबागचं. तिथं गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आहे. त्या सांगायच्या, आमच्या मुंबईला पाइपचा गॅस काही नवा नाही, आजोबांच्या आधीपासून आहे. आणि खरंच आहे ते. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळशापासून काढलेला वायू पाइपांतून यायचा आणि संध्याकाळी माणूस शिडी घेऊन दिवे लावत फिरायचा. आपल्याला मात्र वाटतं, पाइपचा गॅस म्हणजे काल आलेली चैन.

कपाटाबद्दल एवढंच. करायचंच असेल तर दाराला जाळी किंवा झडपा असलेलं कर, वरच्या बाजूलाही भोकं ठेव, दाराला कुलूप नको, आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा खजिना नको. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो वर चढतो, छताशी साठतो. सिलिंडरचा गॅस नेमका उलटा, प्रोपेन आणि ब्यूटेनचा, हवेपेक्षा जड. तो खाली बसतो, फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो. म्हणून माझ्या इथल्या स्वयंपाकघरात झरोका जमिनीलगत आहे आणि तुझ्याकडे तो वर हवा. तुझी ड्राय बाल्कनी काचा लावून बंद करायचं चाललंय म्हणालीस ना? मीटर तिकडे सरकवलंत आणि काचा बसवल्या, की मोकळ्या हवेतलं मीटर बंद खोलीत आलं. हे लक्षात कुणाच्याच येत नाही, कारण मीटर हलवणारा एक, काचा लावणारा दुसरा.

तू म्हणशील, ताई नरसोबाच्या वाडीत बसून मला मीटरचं काय शिकवते, हिच्या घरी तर सिलिंडर. खरं आहे. पण काय हलवावं आणि किती हलवावं, हे मला पुण्यानं अर्धंच शिकवलं. उरलेलं या नदीनं.

आम्ही पुणं सोडून सासरच्या जुन्या घरी आलो आणि वर्षभरात २०१९ चा ऑगस्ट आला. २००५ च्या पुराला घरातली म्हातारी माणसं म्हणाली होती, एवढं पाणी आता आयुष्यात नाही. चौदाच वर्षांत त्याहून वर आलं. तसं इथं पाणी सांगून येतं हो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. इकडे घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागतात. मग एक दिवस पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, दक्षिणद्वार झालं म्हणून लोक स्नानाला धावतात. आणि त्याच वेळी आम्ही गल्लीतल्या बायका घरातली सिलिंडरं माडीवर चढवायला लागतो. देवाच्या दारात सोहळा आणि आमच्या जिन्यात दणदणाट.

सिलिंडर का, तर ते तरंगतं. रिकामंच नव्हे, भरलेलंसुद्धा. मला आधी पटलं नव्हतं. पण हिशेब कर. आत १४.२ किलो गॅस, बाहेरचं लोखंड पंधरा-सोळा किलो, मिळून तीस-एकतीस. आणि त्याचं पोट एवढं मोठं की ते पस्तीसेक लिटर पाणी बाजूला सारतं. म्हणजे तरंगणारच. रेग्युलेटर जोडलेलंच राहिलं तर ते उचललं जातं, नळी ओढली जाते, आणि घरात कुणी नसताना काय होईल ते होईल. म्हणून रेग्युलेटर काढायचा, टोपी बसवायची आणि माडीच्या कठड्याला दोरीनं करकचून बांधायचं. पाणी ओसरल्यावर नळी आणि रेग्युलेटर तपासून घेतल्याशिवाय परत लावायचा नाही.

त्या पुरात आमचं लाइटचं मीटर गेलं. जुन्या घरात ते सोप्यात होतं, साधारण छातीच्या उंचीवर. पाणी खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत आलं होतं, म्हणजे मीटर, मेन स्विच, सगळं आठवडाभर गढुळात. पूर ओसरल्यावर भिंतीवर ती तपकिरी रेघ, तिच्या खाली ओला गाळ, आणि मीटरच्या काचेमागे अर्ध्यापर्यंत पाणी. मत्स्यालयासारखं दिसत होतं, फक्त मासा नव्हता. महावितरणकडे अर्ज केला, नवं मीटर मिळालं. वायरमन म्हणाला, कुठं लावू? मी म्हटलं, या रेघेच्या वर. दाजी मागून म्हणाले, “अजून वर घ्या.” तो स्टुलावर चढला. “अजून वर घ्या.” त्यानं शिडी आणली. शेवटी ते पार तुळईपाशी जाऊन बसलं. मेन स्विचही शेजारी. दाजी खूश, आता काय यायचं ते पाणी येऊ दे.

पहिल्या महिन्यात रीडिंगला पोरगा आला. मान वर करून बघत राहिला, मग म्हणाला, “काकी, तिवई द्या.” तेव्हापासून दर महिन्याला मीटरचा फोटो काढायला तो तिवईवर चढणार आणि मी तिवई धरणार. त्याचं हसू आलं. पण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, रात्रीचे दोन वाजले होते, बाहेर धो धो, आणि माडीवरच्या बोर्डातून चर्र आवाज आला. मेन बंद करायचा होता. दाजी अंधारात तुळईकडे हात उंचावतायत, हात पोचेना. मी सोप्यात घोटाभर पाण्यात तिवई शोधतेय, आणि तिवई केव्हाच तरंगत मागच्या पडवीत गेलेली. शेवटी त्यांनी कोरड्या काठीनं खटका पाडला. दोघंही मग जिन्यात बसलो, किती तरी वेळ. कुणी कुणाला बोललं नाही.

पुराची भीती आम्ही इतकी डोक्यात घेतली की मीटर पाण्यापासून वाचवलं आणि आमच्या हातापासूनही. आता ते जिन्याच्या मधल्या वळणावर आहे. रेघेच्या वर, पण माझ्या खांद्याच्या खाली. त्या जागेसाठी परत अर्ज केला, परत पैसे भरले. तुझ्याकडे नदी नाही. पण सुबक ओट्याच्या नादात गॅसचा कॉक तीन ट्रॉल्यांच्या मागे गेला तर गोष्ट तीच झाली ना? नवीन ओटा झाल्यावर एकदा डोळे मिटून, डाव्या हातानं, कॉकपर्यंत पोचून बघ. भांडी न काढता. पोचलीस तर सुताराला उरलेले पैसे दे.

शेगडीचं राहिलंच की! तू ती ओट्यात बसवायची काचेची घेणार आहेस. दुकानात ठेवलेल्या बहुतेक शेगड्यांचे जेट सिलिंडरच्या गॅससाठी असतात, त्यांची भोकं बारीक. पाइपचा गॅस कमी दाबाचा आणि तितका जोरकस नाही, त्याला भोक मोठं लागतं. न बदलता लावलीस तर ज्योत मेणबत्तीसारखी लागेल आणि तू म्हणशील, ताई, डाळ शिजतच नाही गं. दुकानदाराला आधीच सांग की पाइप गॅसचे जेट बसवून दे. उलट झालं, म्हणजे पाइपच्या जेटला सिलिंडर जोडलं, तर ज्योत हातभर वर येते, भांडी काळी होतात आणि भुवया जातात. ती नारिंगी रबरी नळीही नवी घे, आयएसआयची खूण बघून, दीड मीटरच्या आतली. ती पाच वर्षांनी बदलायची असते. तुझ्याकडची लग्नापासूनची आहे हे मला पक्कं माहीत आहे, खोटं बोलू नकोस.

सगळं जोडून झालं, माणूस तपासून गेला, की त्याच रात्री एक काम कर. शेगडीची सगळी बटणं बंद, गॅसवरचा गिझर असला तर तोही बंद. मीटरचा कॉक मात्र उघडाच. आकड्यांचा फोटो काढ, शेवटच्या लाल आकड्यांसकट. पाऊण तास टीव्ही बघ. परत फोटो काढ. आकडा होता तिथंच असला तर झोप. केसभर जरी सरकला असला तर कॉक बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, दिव्याचं बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद, काडी नाही, पंखा नाही, आणि घराबाहेर जाऊन बिलावरच्या नंबरला फोन. सिलिंडर असतं तर १९०६ ला करायचा. हा प्रयोग मी पुण्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करायची. दाजी म्हणायचे, मीटरला पाळणा लावलाय हिनं.

तुझ्या कॉन्ट्रॅक्टरला हे सगळं सांगताना माझं नाव सांग हवं तर. म्हणावं, माझी मोठी बहीण कोल्हापूरकडची आहे, फार तापट आहे, ती नाही म्हणते. बहिणी कशाला असतात? त्याचा उगाच मान दुखवायचा नाही, पण मीटरला पाना लावू द्यायचा नाही.

आणि आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, स्वयंपाकघरात जा. तुझ्या मीटरपाशी तो जो छोटा कॉक आहे ना, तो फिरवून बघ. दांडी पाइपला समांतर असली म्हणजे उघडा, आडवी झाली की बंद. सहज फिरतो का? का जाम झालाय? कित्येक घरांत वर्षानुवर्षं कुणी हातच लावलेला नसतो. जाम असला तर तेलबिल घालू नकोस, हातोडी तर अजिबात नको; अर्जातच तसं लिही, ते बदलून देतील. आणि मला फोन कर. पहाटे काकड आरतीला निघायच्या आधी मी जागीच असते. पेढे आणि कवठाची बर्फी बांधून ठेवलीय, गुरुवारी आपल्याकडचा एक जण पुण्याला येतोय त्याच्या हातून पाठवते. वांगीही देते चार, पण ती तू इंडक्शनवर भाजायचा प्रयत्न करू नकोस. गॅस परत सुरू होईपर्यंत थांब.

तुझी,
ताई